कामठेवाल्यांचा साहेब
सुरतेच्या पर्वत पाटियात स्थिरावलेल्या खानदेशींच्या मूळ मुलखात १८२५ मध्ये जेम्स आउट्रम आला, तेव्हा तो अवघा २२ वर्षांचा होता. सातपुड्यातील भिल्ल कंपनी सरकारला आवरत नव्हते. त्यांच्या हाती बांबूचा कामठा. दोरीही बांबूच्याच सालीची, बाणाला लोखंडी टोक. शिकार त्यानेच, लढाईही त्यानेच. आउट्रम एकटाच त्यांच्यात जाऊन राहिला, वाघामागे त्यांच्यासह रानोमाळ हिंडला, मेजवान्या दिल्या. अशा मोकळ्या दिवसांतून धरणगावची भिल्ल पलटण उभी राहिली. कामठ्याच्या जागी बंदूक आली. १८३० मध्ये हीच पलटण त्याने डांगच्या भिल्लांवर नेली! स्नेह खरा असेलही, लाभ कंपनीचा झाला. १८४४-४५ मध्ये सावंतवाडीचे बंड मोडतानाही तो होता. बंडवाल्यांनी तेव्हा गोव्यात आश्रय घेतला. १८६३ मध्ये त्याचे फ्रान्समध्ये निधन झाले.