रघुनाथराव दादासाहेब पेशवे

विद्यार्थिमित्रहो, शेक्सपिअर कवीचें ज्यूलिअस सीझर हें नाटक आपणांपैकीं पुष्कळांस ठाऊक असेल. ख्रिस्तपूर्व ४४ सालीं, १५ मार्च रोजीं, रोम शहरांत भर सभेंत सीझरचा वध झाला. आणि ज्या लोकसत्तेच्या रक्षणासाठीं कटवाल्यांनीं शस्त्र उपसलें, ती लोकसत्ताच पुढें यादवींत लयास गेली. अशा गोष्टी परदेशांतच घडतात असें मात्र समजूं नये. वडूजहून पुसेगांव, कोरेगांव या मार्गानें साताऱ्यास जातांना कृष्णेच्या कांठीं माहुली हें क्षेत्र लागतें. आपल्या इतिहासांतील अशाच एका कटाशीं ज्यांचें नांव कायमचें जोडलें गेलें, ते रघुनाथराव तेथें जन्मले. आणि त्यांस दोषी ठरविणारे न्यायाधीशही त्याच गांवचे होते.

रघुनाथरावांचा जन्म १७३४ सालचा. पहिल्या बाजीरावांचे ते पुत्र व नानासाहेब पेशव्यांचे धाकटे बंधु. वयाच्या सहाव्या वर्षीं त्यांचें पितृछत्र हरपलें. पुढें त्यांनीं उत्तर हिंदुस्थानांत मोठा पराक्रम केला. १७५८ सालीं त्यांच्या सैन्यानें लाहोर घेतलें. त्या मोहिमेंत कीर्ति मिळाली, पण खजिन्यांत भर न पडतां कर्ज मात्र वाढलें. शौर्य होतें, परंतु धोरण व मनाचा निग्रह हे गुण त्यांच्या ठायीं बेताचेच होते.

१७६१ सालीं पानिपतचा घात झाला व नानासाहेबही वारले. गादीवर सोळा वर्षांचे माधवराव बसले. कारभार आपल्या हातीं असावा ही इच्छा रघुनाथरावांस स्वस्थ बसूं देईना. १७६२ सालीं निजामाची मदत घेऊन ते पुतण्यावर चालून गेले. घरची फूट राज्यास बुडवील हें ओळखून माधवराव आपण होऊन चुलत्यांच्या स्वाधीन झाले. दुसऱ्याच वर्षीं राक्षसभुवन येथें चुलत्या-पुतण्यांनीं मिळून निजामाचा पराभव केला. एकोप्याचें फळ असें प्रत्यक्ष दिसलें असतांही दादासाहेबांचें मन पालटलें नाहीं. अखेरीस १७६८ सालीं धोडप येथें माधवरावांनीं त्यांस हरवून शनिवारवाड्यांत नजरकैदेंत ठेविलें.

१७७२ सालीं माधवराव थेऊर येथें निवर्तले. त्यांचे धाकटे बंधु नारायणराव पेशवे झाले. पुन्हां बेबनाव, पुन्हां नजरकैद. पगार थकल्यामुळें चिडलेले गारदी या कटास अनायासें सांपडले. नारायणरावांस धरावें, एवढाच दादासाहेबांचा हुकूम होता व आनंदीबाईंनीं त्यांत ‘ध’चा ‘मा’ केला, अशी लोककथा आहे. तिला कागदाचा आधार मात्र सांपडलेला नाहीं. ३० ऑगस्ट १७७३ रोजीं गारदी वाड्यांत शिरले. अठरा वर्षांचे नारायणराव धांवत जाऊन चुलत्यांसच बिलगले. तरीही त्यांचे प्राण वांचले नाहींत. हुकूम कोणत्याही अक्षराचा असो, तलवार एकदां भाडोत्री हातीं दिली कीं ती कोठें थांबावी हें देणाऱ्याच्या हातीं राहत नाहीं.

दादासाहेबांस साताऱ्याहून पेशवाईचीं वस्त्रें मिळालीं. परंतु माहुलीचे रामशास्त्री प्रभुणे तेव्हां न्यायाधीश होते. त्यांनीं चौकशी करून खुद्द पेशव्यांसच दोषी ठरविलें, देहान्त प्रायश्चित्त सांगितलें, आणि अशा राज्यांत चाकरी नको म्हणून पुणें सोडलें. नाना फडणीस, सखारामबापू आदि बारभाईंनीं दादासाहेबांविरुद्ध कारभार हातीं घेतला. १८ एप्रिल १७७४ रोजीं पुरंदरावर नारायणरावांच्या पत्नी गंगाबाई यांस पुत्र झाला, आणि दादासाहेबांचा हक्क संपला.

तरीही आशा सुटेना. १७७५ सालीं सुरतेस तह करून त्यांनीं इंग्रजांस घरच्या भांडणांत बोलाविलें. सात वर्षें युद्ध चाललें. १७८२ च्या सालबाईच्या तहान्वयें त्यांस दरमहा पंचवीस हजार रुपये वेतन ठरलें व ते गोदावरीकांठीं कोपरगांवीं जाऊन राहिले. तेथेंच ११ डिसेंबर १७८३ रोजीं त्यांचें देहावसान झालें. त्यांचेच पुत्र दुसरे बाजीराव यांच्या हातून १८१८ सालीं पेशवाई गेली.

कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर यांनीं १९०९ सालीं रंगभूमीवर आलेल्या आपल्या नाटकास ‘भाऊबंदकी’ हें नांव दिलें, तें किती यथार्थ आहे! रोममध्यें कटवाल्यांनीं सीझरवर महत्त्वाकांक्षेचा आरोप केला. येथें महत्त्वाकांक्षा कट करणाऱ्याच्याच मनांत होती. सीझरला मारणाऱ्यांस निदान आपण राज्य वांचवितों असें वाटत होतें. दादासाहेबांस तेवढेंही समाधान नव्हतें.

बालमित्रहो, बांधावरून भावाभावांत वैर होतें तें आपण आपल्या गांवींही पाहतों. तेंच वैर राजवाड्यांत शिरलें म्हणजे राज्य बुडतें. माहुलीवरून जातांना दोघांचें स्मरण ठेवा. एकानें लाहोर जिंकलें, पण स्वतःच्या मनास जिंकलें नाहीं. दुसऱ्यानें एकही लढाई मारली नाहीं. तरी आज लोक न्यायासाठीं नांव घेतात तें त्याचें.