ओहम : कुलूपवाल्याचा मुलगा

फर्स्ट इयरपासून आपण ज्याचं नाव रोज घेतो, पण ज्याच्याबद्दल होस्टेलमध्ये कुणी दोन वाक्यंही बोलत नाही, असा एक माणूस म्हणजे जॉर्ज सायमन ओहम. उत्तर आलं की त्यापुढे आपण घोड्याच्या नालेसारखं चिन्ह काढतो आणि पुढच्या गणिताकडे वळतो. मी त्याचं चरित्र वाचायला घेतलं ते आमच्या आसगावच्या एका ट्रॉलीमुळे. ते पुढे सांगतोच. माझं शिक्षण कॉन्व्हेंटमधलं, म्हणून आपण बोलतो तसंच लिहितो आहे.

ओहमचा जन्म १६ मार्च १७८९ रोजी जर्मनीतल्या एर्लांगन या गावी झाला. वडील कुलपं बनवणारे कारागीर. ते फारसे शाळेत गेले नव्हते, पण स्वतः वाचून गणित आणि विज्ञान इतकं शिकले होते की दोन्ही मुलांना घरीच शिकवत. जॉर्ज दहा वर्षांचा असताना आई वारली. भाऊ मार्टिन पुढे गणितज्ञ झाला.

१८०५ साली जॉर्ज विद्यापीठात दाखल झाला आणि नाच, स्केटिंग आणि बिलियर्ड्समध्ये रमला. (काही जणांना इथे आपले रूम पार्टनर आठवतील!) वडील भडकले. तीन सेमिस्टर होताच त्याला स्वित्झर्लंडला जावं लागलं. तिथे एका शाळेत त्याने गणित शिकवलं, उरलेल्या वेळात स्वतः अभ्यास केला आणि १८११ मध्ये एर्लांगनला परत येऊन डॉक्टरेट मिळवली. पण चांगली नोकरी काही मिळेना. शेवटी १८१७ साली कलोन शहरातल्या एका शाळेत तो शिक्षक झाला. त्या शाळेची प्रयोगशाळा चांगली होती. कुलूपवाल्याच्या मुलाचा हात धातूवर बसलेला होताच. प्रयोगासाठी लागणारी उपकरणं तो स्वतः घडवू लागला.

तारेची लांबी वाढली की विजेचा प्रवाह किती कमी होतो, हे त्याला मोजायचं होतं. १८२५ मध्ये त्याने पहिलं सूत्र छापलं, पण ते चुकीचं निघालं. कारण त्या काळची बॅटरी चालू प्रयोगातच उतरायची. पोगेनडॉर्फ नावाच्या संपादकाने त्याला थर्मोकपल वापरायला सुचवलं. ओहमने तांबं आणि बिस्मथ यांचे जोड केले, एक जोड उकळत्या पाण्यात आणि दुसरा बर्फात ठेवला. आता दाब स्थिर राहिला. मग २ इंचांपासून १३० इंचांपर्यंत लांबीच्या आठ तांब्याच्या तारा त्याने एकेक करून जोडल्या. १८२६ च्या त्या सूत्रात तारेच्या लांबीबरोबर आणखी एक आकडा बेरजेत येतो. तो आकडा म्हणजे तार सोडून बाकी सर्किटचा अडथळा. मला ओहमचं मोठेपण इथे दिसतं. समोर दिसणाऱ्या तारेवर तो थांबला नाही. वीज निघते तिथून परत येते तिथपर्यंतचा सगळा रस्ता त्याने हिशेबात धरला.

आता ट्रॉलीकडे येऊ. आसगाव हे भंडारा जिल्ह्यातल्या पवनी तालुक्यातलं गाव. आमचा मुलूख धानाचा. मळणी झाली की पोत्यांनी भरलेल्या ट्रॉल्या अंधार पडल्यावरही रस्त्यावर असतात. मागून येणाऱ्या मोटारसायकलवाल्याचा जीव त्या दोन लाल दिव्यांवर असतो. काकांच्या ट्रॉलीचा ब्रेक लाईट मिणमिणायचा, आणि एका बाजूचा इंडिकेटर दिला की भलताच दिवा लुकलुकायचा. बल्ब तीनदा बदलून झाले होते. काका म्हणायचे, बल्बच कंपनीचे नाहीत.

दोष परतीच्या रस्त्यात होता. दिव्याची एक तार ट्रॅक्टरकडून येत होती, पण दुसरं टोक ट्रॉलीच्या बॉडीला कसलेलं. म्हणजे वीज बॅटरीकडे परत जाणार ती हुकातून आणि पिनेतून. तिथे गंज, चिखल आणि ग्रीस. हिशेब करून पाहा. २१ वॅटचे दोन ब्रेक बल्ब १२ व्होल्टवर मिळून साडेतीन अँपिअर घेतात. हुकाचा अडथळा फक्त १ ओहम धरला तरी अडीच-तीन व्होल्ट तिथेच जातात आणि उजेड निम्म्याहून कमी होतो. खड्ड्यात हुक हलला की दिवा बंदच!

सुट्टीत आम्ही ते वायरिंग नव्याने केलं. आधी बॅटरीची निगेटिव्ह तार काढली. प्रत्येक दिव्यापासून वेगळी अर्थ वायर सॉकेटपर्यंत आणली. सात पिनांच्या १२ व्होल्ट सॉकेटच्या प्रमाणित जोडणीत ३ नंबरची पिन अर्थची असते. तिथून तीच तार पुढे थेट बॅटरीच्या निगेटिव्हपर्यंत नेली. पिळून टेप लावलेले जोड काढून क्रिम्प केलेले बसवले. तारा पाइपमधून घेतल्या, वळणावर ताण येऊ नये म्हणून हुकापाशी थोडी ढील ठेवली आणि बॅटरीजवळ फ्यूज टाकला. शेवटी बॅटरी जोडली आणि दिवे चालू ठेवून दिव्याचा निगेटिव्ह ते बॅटरीचा निगेटिव्ह असं मल्टिमीटरने मोजलं. अर्ध्या व्होल्टपेक्षा कमी आलं. दिवे बंद ठेवून मोजलं तर प्रवाहच नसतो, मग खराब जोडही चांगला दिसतो. परदेशात लोक मोटारीमागे कॅरॅव्हॅन ओढतात, तिच्या दिव्यांनाही हाच नियम लागू.

ओहमला स्वतःला मात्र उजेड उशिरा दिसला. १८२७ मध्ये त्याचं पुस्तक बर्लिनमध्ये निघालं. गणिताने भरलेल्या त्या पुस्तकाचं जर्मनीत थंडं स्वागत झालं. निराश होऊन त्याने कलोनची नोकरी सोडली. काही वर्षं बर्लिनमध्ये तुटपुंज्या कमाईवर काढली आणि १८३३ साली न्यूरेंबर्गच्या पॉलिटेक्निकमध्ये शिकवू लागला. १८४१ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीने त्याला कोप्ली पदक दिलं, तेव्हा कुठे घरच्यांनाही त्याची किंमत कळली. म्युनिकमध्ये भौतिकशास्त्राचं प्राध्यापकपद मिळालं ते १८५२ साली. ६ जुलै १८५४ रोजी तो वारला. म्हणजे त्या खुर्चीत जेमतेम दोन वर्षं. अडथळ्याच्या एककाला दिलेलं त्याचं नाव १८८१ च्या पॅरिस परिषदेत अधिकृत झालं.

आपल्यापैकी बरेच जण खेड्यांतून आलेलो आहोत. दिवाळीला घरी जाताना बॅगेत एक मल्टिमीटर टाका. एखाद्या ट्रॉलीचा परतीचा रस्ता तपासून पाहा. अर्धा तास लागतो, आणि त्या रात्री मागून येणारा कुणीतरी सुखरूप घरी पोचतो.