रघूजी भोसले (पहिले) : एका आडनावाचे स्थलांतर

उद्दिष्टे

हा भाग अभ्यासल्यानंतर तुम्हांला आडनावाची भाषिक घडण सांगता येईल. एका ऐतिहासिक व्यक्तीच्या जीवनक्रमाच्या आधारे आडनावाचे स्थलांतर विशद करता येईल. तसेच आडनाव आणि वंश यांतील भेद ओळखता येईल.

प्रस्तावना

विद्यार्थी मित्रहो, आडनाव हा भाषेतील एक शब्दच असतो. त्याला व्युत्पत्ती असते, रूपे असतात आणि प्रवासही असतो. स्कॉटलंडमधील कुळांची नावे हे याचे प्रसिद्ध उदाहरण होय. ‘मॅकडोनाल्ड’ या नावातील ‘मॅक’ म्हणजे पुत्र. मूळ अर्थ डोनाल्डचा पुत्र. पुढे त्या कुळप्रमुखाच्या आश्रयाने राहणाऱ्या, रक्ताचे नाते नसलेल्या लोकांनीही हेच नाव लावले. १७४६ मधील कलोडनच्या पराभवानंतर कुळांची जुनी व्यवस्था मोडत गेली आणि ही नावे समुद्रापार अमेरिका, कॅनडापर्यंत पोहोचली.

त्याच सुमारास आपल्याकडेही एक आडनाव दूरवरचा प्रवास करीत होते. फरक एवढाच, की तिकडे पराभूत माणसे देशोधडीला लागली. इकडे नाव गेले ते मोहिमांबरोबर. ते आडनाव भोसले आणि त्याला पूर्वेकडे नेणारे पुरुष म्हणजे नागपूरच्या राज्याचे संस्थापक रघूजी भोसले. मुकुटबन, झरी जामणी, वणी या परिसरातील विद्यार्थ्यांना हे चरित्र परके वाटू नये. त्यातील निर्णायक प्रसंग त्यांच्याच भागात घडला आहे.

‘भोसले’ या नावाची घडण

‘भोसले’ या शब्दाच्या उगमाविषयी एकमत नाही. एक परंपरा हे घराणे मेवाडच्या सिसोदियांशी जोडते. दुसरे मत रा. चिं. ढेरे यांचे, त्यांनी ‘भोसले’ आणि कर्नाटकातील ‘होयसळ’ यांचा संबंध दाखविला. एक मार्ग उत्तरेकडे जातो, दुसरा दक्षिणेकडे. दोन्ही मतांत स्थलांतराची कल्पना मात्र समान आहे, हे ध्यानात घ्या.

व्याकरणाच्या अंगाने पाहिल्यास चित्र अधिक स्पष्ट होते. भोसले, शिंदे, मोरे ही एकारान्त रूपे आदरार्थी अनेकवचनाची आहेत. मूळ एकवचन ‘भोसला’. म्हणूनच आपण ‘भोसल्यांचा वाडा’, ‘शिंद्यांची छत्री’ असे म्हणतो. हिंदीत ‘भोंसला’ हे आकारान्त रूप टिकले. नाशिकच्या भोसला मिलिटरी स्कूलच्या नावातही ते आढळते.

रघूजींचे घराणे ‘हिंगणीकर भोसले’ म्हणून ओळखले जाई. हिंगणी हे पुणे भागातील गाव. ‘-कर’ हा प्रत्यय गावाचा निर्देश करतो. घराणे हलले तेव्हा ‘हिंगणीकर’ मागे पडले आणि ‘नागपूरकर भोसले’ हे नाव रूढ झाले. आडनाव स्थिर राहिले, स्थानवाचक पद बदलले. स्थलांतराची नोंद भाषेने ठेवली ती अशी.

चुलता आणि पुतण्या

रघूजींचा जन्म सतराव्या शतकाच्या अखेरीस झाला. त्यांच्या वडिलांचे नाव बिंबाजी. घराण्यातील परसोजी भोसले यांनी वऱ्हाडात जम बसविला होता. १७०७ मध्ये शाहू मोगलांच्या कैदेतून परतले, तेव्हा त्यांच्या खरेपणाविषयी शंका घेतली जात होती. परसोजींनी त्यांच्यासह एका ताटात भोजन करून ती शंका दूर केली. त्या काळात सहभोजन हीच कुळाची साक्ष होती. सेनासाहेबसुभा हा किताब या घराण्याकडे राहिला.

परसोजींनंतर त्यांचे पुत्र कान्होजी यांनी यवतमाळ जिल्ह्यातील भाम येथे ठाणे केले. कान्होजींना दीर्घकाळ पुत्र नव्हता; त्यांनी पुतण्या रघूजींना पुत्रवत वाढविले. पुढे कान्होजींना पुत्र झाला आणि रघूजींचे स्थान डळमळले. ते बाहेर पडले. काही काळ देवगडच्या गोंड राजाकडे चाकरी करून ते साताऱ्यास शाहूंच्या सेवेत गेले.

दरम्यान हिशेब आणि आज्ञापालन यांवरून कान्होजी व शाहू यांच्यात वितुष्ट आले. कान्होजींना आणण्याची कामगिरी शाहूंनी रघूजींवरच सोपविली. १७३० च्या सुमारास वणीजवळच्या मंदर येथे रघूजींनी आपल्या चुलत्याला गाठून कैद केले. कान्होजींचे उर्वरित आयुष्य साताऱ्यास कैदेत गेले. सेनासाहेबसुभा हे पद रघूजींकडे आले. ज्या हातांनी वाढविले, त्याच हातांत बेड्या घालून मिळालेले हे पद होते. एकच आडनाव आपुलकीचे कारण ठरते, तसेच वारशाच्या वैराचेही.

वऱ्हाडातून बंगालपर्यंत

देवगडचा राजा चांद सुलतान याच्या मृत्यूनंतर वारसाचा तंटा उद्भवला, तेव्हा राणीने रघूजींना मदतीस बोलाविले. पुढे राजपुत्रांत भांडण होताच सर्व सत्ता रघूजींच्या हाती आली. गोंड राजाचे नाव व मान त्यांनी कायम ठेवला. कारभार मात्र भोसल्यांचा झाला. बख्त बुलंदाने वसविलेले नागपूर त्यांची राजधानी बनले.

१७४० मध्ये कर्नाटकाच्या मोहिमेत अर्काटचा नवाब दोस्त अली मारला गेला. १७४१ मध्ये त्रिचनापल्ली पडून चंदासाहेब कैद झाला. १७४२ पासून रघूजींचे सेनापती भास्करराम कोल्हटकर यांनी बंगालवर स्वाऱ्या केल्या. १७४४ मध्ये अलिवर्दीखानाने त्यांना भेटीस बोलावून दग्याने ठार केले. अखेर १७५१ च्या तहाने ओडिशावर भोसल्यांचा अंमल बसला आणि बंगालची चौथाई वार्षिक बारा लक्ष रुपये ठरली.

या स्वाऱ्यांत सामान्य रयतेने फार सोसले. त्याची स्मृती बंगाली भाषेत ‘बर्गी’ या शब्दाच्या रूपाने उरली. सरकारी घोड्यावर चाकरी करणारा तो ‘बारगीर’. त्याचाच हा अपभ्रंश. बंगालमध्ये मुलांना निजविताना गायिल्या जाणाऱ्या गीतात तो भीतीचा शब्द झाला. आपल्याकडे पराक्रमाचा अर्थ वाहणारा शब्द दुसऱ्या भाषेत दुःखाचा अर्थ धारण करतो, हे अभ्यासकाने विसरू नये.

वारसा

१४ फेब्रुवारी १७५५ रोजी नागपूर येथे रघूजींचे निधन झाले. त्यांना चार पुत्र होते. जानोजींकडे नागपूर, मुधोजींकडे चांदा, बिंबाजींकडे छत्तीसगड आणि साबाजींकडे दारव्हा असा विस्तार वाटला गेला. जानोजी व मुधोजी यांच्यात वारशावरून संघर्ष झाला. चुलत्या-पुतण्यांचे वैर पुढच्या पिढीत भावाभावांत उतरले. १८५३ मध्ये तिसरे रघूजी निपुत्रिक वारले आणि डलहौसीने राज्य खालसा केले. राज्य गेले, आडनाव राहिले.

आज ‘भोसले’ हे आडनाव अनेक जातिसमूहांत आढळते. पारधी समाजातही भोसले, पवार, काळे, चव्हाण ही आडनावे आहेत. तेव्हा केवळ आडनावावरून रक्तसंबंध सिद्ध होत नाही, तसाच तो कोणाला नाकारताही येत नाही. आडनावाच्या आधाराने एखाद्याचा मान ठरविणे शास्त्राला धरून नाही.

सारांश

नावातील प्रत्यय, एकवचन-अनेकवचनाची रूपे आणि परभाषेत गेलेले शब्द ही स्थलांतराची साधने आहेत. रघूजींच्या चरित्रात ती तिन्ही एकत्र भेटतात.

स्वाध्याय

१. ‘हिंगणीकर’ ते ‘नागपूरकर’ या बदलाचे भाषिक महत्त्व स्पष्ट करा.
२. ‘बारगीर’ व ‘बर्गी’ या शब्दांतील अर्थांतराची कारणे लिहा.
३. तुमच्या गावातील पाच आडनावे घेऊन त्यांतील स्थानवाचक, व्यवसायवाचक व कुलवाचक नावे वेगळी करा. तीच आडनावे इतर समाजांत आढळतात का, याची नोंद ठेवा.