लुई पाश्चर ह्यांचा पहिला शोध

पिसाळलेल्या कुत्र्याच्या विषावर लस शोधणारे म्हणून लुई पाश्चर ह्यांचें नांव आमच्या लहान विद्यार्थ्यांसही ठाऊक असतें. परंतु त्यांचा पहिला मोठा शोध फारच थोड्यांस माहीत असतो. तोच येथें सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे.

पाश्चर ह्यांचा जन्म २७ डिसेंबर १८२२ रोजीं फ्रान्समधील दोल गांवीं झाला. वडील कातडीं कमावीत. घरची स्थिति बेताची. तरी मुलानें शिकावें ही त्यांची फार इच्छा. बाळपणीं मुलाचें लक्ष चित्रकलेकडे विशेष असे. त्याच तीक्ष्ण नजरेचा पुढें उपयोग झाला.

द्राक्षांच्या मद्यापासून मिळणाऱ्या टार्टारिक आम्लाचे दोन प्रकार होते. दोहोंची घटना एकच; परंतु एकाचें द्रावण ध्रुवित प्रकाशास उजवीकडे वळवी, दुसऱ्याचें मुळींच वळवीत नसे. हें कोडें पॅरिस येथें १८४८ सालीं, वय अवघें २५ असतां, पाश्चर ह्यांनीं सोडविलें. दुसऱ्या आम्लाच्या क्षाराचे स्फटिक त्यांनीं बारकाईनें न्याहाळले, तों ते दोन जातींचे दिसले. आरशांतील प्रतिबिंबाप्रमाणें एकमेकांच्या उलट. चिमट्यानें एकेक उचलून त्यांनीं दोन राशी केल्या. एकीचें द्रावण प्रकाश उजवीकडे वळवी, दुसरीचें डावीकडे. वयोवृद्ध शास्त्रज्ञ बिओ ह्यांनीं हा प्रयोग आपल्या देखत पुन्हां करविला, आणि खात्री पटतांच ते पाश्चर ह्यांचे कायमचे हितचिंतक झाले.

पुढें पाश्चर ह्यांस आढळलें कीं, बुरशी उजवें आम्ल खाते व डावें शिल्लक ठेविते. डावा जोडा उजव्या पायांत बसत नाहीं, तसाच हा प्रकार. १८६८ मध्यें अर्धांगवायूनें त्यांची डावी बाजू अधू झाली. तरी १८८५ सालीं त्यांनीं ती प्रसिद्ध लस दिली. २८ सप्टेंबर १८९५ रोजीं त्यांचें देहावसान झालें.

औषधांतही हा भेद महत्त्वाचा आहे. खोकल्याच्या पुष्कळ औषधांत डेक्स्ट्रोमेथॉर्फन असतें. त्याचेंच उलट रूप लेव्होमेथॉर्फन हें अफूच्या वर्गांतील तीव्र मादक द्रव्य होय!

औषधाबरोबर घेणाऱ्याचें शरीरही पाहावें लागतें, हें पाश्चर ह्यांच्या पश्चात् कळलें. हिंवतापावरील प्रायमाक्विन बहुतेकांस मानवतें. परंतु जी-सिक्स-पी-डी नांवाचें द्रव्य ज्यांच्या रक्तांत जन्मतःच कमी, त्यांच्या तांबड्या पेशी त्या औषधानें फुटूं लागतात. हें कारण १९५६ सालीं उघड झालें. ही उणीव आनुवंशिक असून मुंबईच्या पारशी समाजांत ती बरीच आढळते. सख्ख्या भावांतही एकास ती असते, दुसऱ्यास नसते.

मेळघाटच्या पायथ्याशीं वसलेल्या आपल्या परतवाड्यास हिंवताप अनोळखी नाहीं. एका मुलास लागू पडलेल्या औषधाच्या उरलेल्या गोळ्या दुसऱ्यास देण्याची चाल पुष्कळ घरीं आम्हीं पाहिली आहे. डॉक्टरांस विचारल्यावांचून असें करूं नये, एवढी पालकांस आमची विनंति आहे. जें वरवर सारखें दिसतें तें नीट पाहावें, हाच ह्या चरित्राचा धडा होय.