हेन्री श्रॅपनेल : नाव उरले, शोध विस्मरणात

बॉम्बस्फोटाच्या अथवा युद्धाच्या बातम्यांमध्ये ‘श्रॅपनेल’ हा शब्द हमखास आढळतो. स्फोटानंतर चहूबाजूंना उडणारे धातूचे तुकडे, असा त्याचा अर्थ आज सर्वत्र रूढ झाला आहे. हे एका माणसाचे आडनाव होते, हे फार थोड्यांना ठाऊक असते. त्याहून विशेष म्हणजे, ज्या तुकड्यांना त्यांचे नाव मिळाले, ते तुकडे त्यांच्या शोधाचा हेतू कधीच नव्हते.

हेन्री श्रॅपनेल यांचा जन्म ३ जून १७६१ रोजी इंग्लंडमधील विल्टशायर परगण्यात, ब्रॅडफर्ड-ऑन-एव्हन या गावाजवळील मिडवे मॅनर येथे झाला. वयाच्या अठराव्या वर्षी, १७७९ मध्ये, ते ब्रिटिश सैन्याच्या तोफखान्यात अधिकारी म्हणून दाखल झाले. त्या काळी शत्रूचे पायदळ जवळ आले, की तोफेतून गोळ्यांनी भरलेला पत्र्याचा डबा डागला जाई. तोफेच्या तोंडाशीच तो फुटे आणि आतील गोळ्या पसरत. मात्र सुमारे तीनशे मीटरच्या पुढे त्याचा प्रभाव उरत नसे. हाच मारा दूरवर कसा नेता येईल, या प्रश्नाने तरुण श्रॅपनेल यांना झपाटले.

त्यांनी काढलेले उत्तर दिसायला सोपे होते. पोकळ लोखंडी गोळ्यात बंदुकीच्या गोळ्या भरायच्या आणि कवच उघडण्यापुरतीच थोडी दारू ठेवायची. गोळा शत्रूच्या अलीकडे, हवेतच फुटायला हवा. मग आतील गोळ्या मूळ गोळ्याच्याच वेगाने पुढे झेपावतील. मारा करायचा तो या गोळ्यांनी; कवचाच्या तुकड्यांना त्यात दुय्यम स्थान होते. १७८७ मध्ये जिब्राल्टर येथे त्यांनी याचे प्रात्यक्षिक दाखवले.

खरी कसोटी होती ती गोळा योग्य क्षणी फोडण्याची. ही जबाबदारी फ्यूज नावाच्या एका छोट्याशा भागावर होती. त्या काळचा फ्यूज म्हणजे बीच वृक्षाच्या लाकडाची निमुळती नळी. तिच्यात संथपणे जळणारे दारूचे मिश्रण ठासलेले असे. अंतराचा अंदाज घेऊन गोलंदाज ती नळी हव्या त्या लांबीची कापून गोळ्यात बसवत असे. तोफ उडताच गोळा आणि नळकांडे यांच्यातील फटीतून पुढे आलेली ज्वाळा फ्यूज पेटवी. सेकंदाला ३०० मीटर वेगाने जाणाऱ्या गोळ्याचा फ्यूज अर्धा सेकंद जरी चुकला, तरी स्फोटाची जागा १५० मीटरने बदलते. म्हणूनच श्रॅपनेल यांनी फ्यूजच्या रचनेवर आणि पल्ल्यांच्या कोष्टकांवरही परिश्रम घेतले. या प्रयोगांसाठी स्वतःच्या खिशातून हजारो पौंड खर्च केले.

१८०३ मध्ये ब्रिटिश सैन्याने हा गोळा स्वीकारला आणि पुढच्याच वर्षी सुरिनाममध्ये डचांविरुद्ध तो वापरण्यात आला. १८०८ मध्ये पोर्तुगालमधील विमिएरोच्या लढाईत आर्थर वेलस्ली यांच्या सैन्याने फ्रेंचांवर त्याचा मारा केला. हेच वेलस्ली, अर्थात पुढील काळातील ड्यूक ऑफ वेलिंग्टन, १८०३ मध्ये आजच्या जालना जिल्ह्यातील असईच्या रणांगणावर मराठ्यांच्या तोफांना सामोरे गेले होते. त्यांनी या शोधाची प्रशंसा केली; परंतु त्याच्या जखमा किरकोळ ठरतात, अशी शंकाही १८१२ मध्ये व्यक्त केली. १८१५ च्या वॉटर्लूच्या लढाईनंतर मात्र ब्रिटिश तोफखान्याचे प्रमुख जॉर्ज वुड यांनी विजयातील या गोळ्यांचा वाटा मुक्तकंठाने मान्य केला.

शासनाने १८१४ मध्ये श्रॅपनेल यांना वर्षाला १२०० पौंडांचे निवृत्तिवेतन मंजूर केले. पण सरदारकीच्या किताबाची अपेक्षा अपुरीच राहिली. राजे चौथे विल्यम यांनी तसा मानस कळवला होता. १८३७ मध्ये राजांचे निधन झाले आणि तो विषय तेथेच संपला. १३ मार्च १८४२ रोजी साउदॅम्प्टन येथे श्रॅपनेल यांनी अखेरचा श्वास घेतला. त्यांच्या गोळ्याला अधिकृतपणे त्यांचे नाव मिळाले ते १८५२ मध्ये, मृत्यूनंतर दहा वर्षांनी.

मूळ गोळ्यात एक उणीव होती. दारू आणि गोळ्या एकत्रच असल्याने घर्षणामुळे तो कधीकधी अकाली फुटे. एडवर्ड बॉक्सर यांनी मध्ये पडदा घालून हा दोष दूर केला आणि नळी कापण्याऐवजी ठरावीक ठिकाणी भोक पाडण्याजोगा लाकडी फ्यूजही तयार केला. पुढे आटेदार नळीच्या तोफा आल्या. त्यांत ज्वाळेला पुढे जाण्यास फट उरली नाही. मग तोफ उडतानाच्या धक्क्याने आतूनच पेट घेणारे धातूचे फ्यूज बनू लागले. पहिल्या महायुद्धातील ब्रिटिशांच्या १८ पौंडी तोफेच्या श्रॅपनेल गोळ्यात सुमारे ३७५ गोळ्या असत. त्यासाठीच्या ८० क्रमांकाच्या फ्यूजवरील फिरत्या कड्यावर २२ पर्यंतचे आकडे कोरलेले असत.

जुने फ्यूज जमवणारे आणि ओळखणारे अभ्यासक आज हेच आकडे, क्रमांक, कारखान्याचे चिन्ह आणि वर्ष वाचून त्या वस्तूचे मूळ शोधतात. कड्याची खूण कोणत्या आकड्यावर थांबली आहे, यावरून तो गोळा किती वेळाने फुटावा अशी योजना होती, हेही कळू शकते. अर्थात हा छंद निकामी केलेल्या वस्तूंपुरताच हवा. फ्रान्स आणि बेल्जियमच्या शेतांत नांगराला अजूनही न फुटलेले गोळे लागतात. शतक उलटूनही ते प्राणघातक असतात आणि त्यांना हात लावण्याचे काम केवळ तज्ज्ञांचेच.

महायुद्धात खंदकांतील सैनिकांवर तीव्र स्फोटकांचे गोळे बरसू लागले, तेव्हा त्यांच्या कवचाच्या तुकड्यांनाही लोक श्रॅपनेलच म्हणू लागले. कालांतराने मूळ गोळा वापरातून गेला, नाव मात्र तुकड्यांना चिकटून राहिले. ज्या किताबाची त्यांनी वाट पाहिली, तो त्यांना मिळाला नाही. जगाच्या शब्दकोशांत त्यांचे नाव अजरामर झाले खरे. पण आयुष्यभर ज्या अचूक क्षणासाठी ते झटले, त्याचा त्या शब्दात आज मागमूसही उरलेला नाही.