सूरश्री केसरबाई केरकर : साडेतीन मिनिटांचं गाणं



आज आपण ज्यांची ओळख करून घेणार आहोत, त्यांचा आवाज पृथ्वीपासून अब्जावधी किलोमीटर दूर गेला आहे. त्या म्हणजे सूरश्री केसरबाई केरकर.

केसरबाईंचा जन्म १३ जुलै १८९२ रोजी गोव्यात, फोंडा तालुक्यातल्या केरी गावी झाला. तेव्हा गोव्यावर पोर्तुगीजांचं राज्य होतं. लहानपणीच त्या कोल्हापूरला अब्दुल करीम खाँ यांच्याकडे गाणं शिकू लागल्या, पण ते शिक्षण काही महिन्यांतच थांबलं. पुढे रामकृष्णबुवा वझे, भास्करबुवा बखले अशा मोठ्या गुरूंकडे त्या थोडं थोडं शिकल्या. सलग तालीम मात्र मिळेना.

१९२१ साली जयपूर घराण्याचे उस्ताद अल्लादिया खाँ यांनी त्यांना शिष्या केलं. तेव्हा केसरबाई तिशीला टेकल्या होत्या. एवढं शिकून झाल्यावरही त्यांनी जणू पुन्हा पाटी कोरी केली! पुढची ११ वर्षं कसून तालीम झाली. मैफली गाजू लागल्या तरी त्या गुरूंकडे शिकतच राहिल्या, अगदी १९४६ मध्ये खाँसाहेब जाईपर्यंत.

आता जरा विचार करा. मैफलीत एक राग तासभरही रंगतो. त्या काळच्या तबकडीच्या एका बाजूला मावायचं जेमतेम साडेतीन मिनिटांचं गाणं. म्हणजे आपली लोकल नायगावहून वसईला पोचते, जवळपास तेवढाच वेळ! त्यात राग कसा बसवायचा? केसरबाई रेकॉर्डिंगला फारशा राजी नसत. शिकवण्याच्या बाबतीतही त्या तेवढ्याच काटेकोर होत्या. त्यांची विद्या पुढे नेणाऱ्या शिष्या म्हणून धोंडूताई कुलकर्णी यांचंच नाव घेतलं जातं.

तरीही त्यांनी काही तबकड्या गायल्या, हे आपलं भाग्य. १९७७ मध्ये अमेरिकेने व्हॉयेजर १ आणि २ ही याने अंतराळात सोडली. प्रत्येक यानावर सोन्याचा मुलामा दिलेली तांब्याची तबकडी आहे. तिच्यात ५५ भाषांतल्या शुभेच्छा आहेत, त्यात आपली मराठीसुद्धा आहे! जगभरातल्या संगीताचे २७ तुकडेही आहेत. त्यात भारताचा तुकडा एकच, तो म्हणजे केसरबाईंनी गायलेली भैरवी, 'जात कहाँ हो'. ५ सप्टेंबरला व्हॉयेजर १ निघालं आणि १६ सप्टेंबरला केसरबाईंनी जगाचा निरोप घेतला. २०१२ मध्ये ते यान सूर्याच्या प्रभावक्षेत्राबाहेर गेलं.

१९५३ मध्ये त्यांना संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार आणि १९६९ मध्ये पद्मभूषण मिळालं. केरी गावात आज त्यांच्या नावाची शाळा आहे.

मित्रांनो, तासन्‌तास रंगलेल्या त्यांच्या कितीतरी मैफली ऐकणाऱ्यांबरोबरच गेल्या. आपल्यासाठी उरल्या त्या या छोट्या तबकड्या. पण त्या साडेतीन मिनिटांमागे किती वर्षांची मेहनत आहे, हे आता तुम्हाला ठाऊक झालं.

उपक्रम : मोठ्यांच्या मदतीने मोबाईलवर ही भैरवी शोधून शांतपणे ऐका. जुनी तबकडी आहे, खरखर येईल, तिकडे लक्ष देऊ नका. मोकळा 'आ'कार आणि एका दमात घेतलेली लांब तान कुठे येते, ते ओळखा आणि वहीत लिहा. मग घरातल्या आजी-आजोबांना त्यांचं एखादं जुनं गाणं म्हणायला सांगा आणि ते रेकॉर्ड करून ठेवा.