एड्सखर डाइक्स्ट्रा

एड्सखर वीबे डाइक्स्ट्रा (११ मे १९३०, रॉटरडॅम – ६ ऑगस्ट २००२, न्यूनेन) हे डच संगणकशास्त्रज्ञ होते. दोन स्थळांमधील सर्वांत जवळचा मार्ग शोधण्याच्या त्यांच्या रीतीमुळे विद्यार्थ्यांना त्यांचे नाव परिचित असते. तथापि अनेक प्रक्रिया एकच माहिती वापरू लागल्या असता ती बिघडू नये यासाठी त्यांनी दिलेले उपाय अधिक मूलगामी मानावे लागतील.

जीवन

त्यांचे वडील रसायनशास्त्रज्ञ, तर आई गणितज्ञ होत्या. लायडन विद्यापीठात सैद्धांतिक भौतिकशास्त्र शिकत असतानाच १९५२ मध्ये ते ॲम्स्टरडॅमच्या गणित केंद्रात आज्ञावलीकार म्हणून रुजू झाले. १९५७ मध्ये मारिया डेबेट्स यांच्याशी त्यांचा विवाह झाला, तेव्हा आज्ञावलीकार असा व्यवसाय नगरपालिकेने मान्य केला नाही आणि नोंदीत त्यांना भौतिकशास्त्रज्ञ लिहावे लागले.

त्याच सुमारास एक्स-१ हा संगणक तयार होत होता. त्यात बाहेरची उपकरणे चालू काम मध्येच थांबवू शकत. हा व्यत्यय कोणत्या क्षणी येईल हे सांगता येत नसल्याने चूक पुन्हा घडवून तपासणेही अशक्य होते. यामुळे डाइक्स्ट्रा अस्वस्थ झाले. या विषयावरच १९५९ मध्ये त्यांनी डॉक्टरेट मिळवली.

सामायिक माहितीचा प्रश्न

रेल्वे आरक्षणाचा तक्ता उदाहरणादाखल घेता येईल. परभणी आणि मुंबई येथील खिडक्यांचे काम करणाऱ्या दोन प्रक्रियांनी शेवटचे आसन रिकामे असल्याचे एकाच क्षणी वाचले, तर ते दोन प्रवाशांना विकले जाईल. प्रत्येक प्रक्रियेला तक्त्याची वेगळी प्रत द्यावी, तर मोठ्या तक्त्यासाठी स्मृती वाया जाते आणि प्रती एकमेकींशी जुळेनाशा होतात. तक्ता केवळ वाचायचा असल्यास सर्वांना एकच प्रत पुरते. खरी अडचण लिहिताना येते. वाचणे, तपासणे आणि लिहिणे हा टप्पा एका वेळी एकाच प्रक्रियेने पूर्ण केला पाहिजे.

दोन प्रक्रियांपुरते याचे उत्तर त्यांचे सहकारी थिओडोरस डेकर यांनी शोधले. कितीही प्रक्रियांना लागू पडणारे उत्तर डाइक्स्ट्रा यांनी १९६५ मध्ये प्रसिद्ध केले. तो निबंध अवघ्या एका पानाचा आहे.

या उपायात थांबलेली प्रक्रिया पुनःपुन्हा चौकशी करीत राही. पुढे त्यांनी सेमाफोरची कल्पना मांडली. नाव रेल्वेच्या हातदर्शक सिग्नलाचे आहे. एकेरी लोहमार्गावर टोकनाचा गोळा हाती आल्याखेरीज चालक गाडी पुढे नेत नसे, ही पद्धत ज्यांनी पाहिली आहे त्यांना सेमाफोर समजण्यास वेळ लागणार नाही. सेमाफोर म्हणजे एक संख्या. आत जाणारी प्रक्रिया ती एकाने कमी करते, बाहेर पडणारी एकाने वाढवते. संख्या शून्य असेल तर येणारी प्रक्रिया निद्रिस्त होऊन प्रतीक्षा करते. या दोन क्रियांना त्यांनी पी आणि व्ही ही डच शब्दांची आद्याक्षरे दिली. आइंडहोव्हन येथे १९६८ मध्ये वर्णन केलेल्या ‘टीएचई’ प्रचालन प्रणालीची उभारणी याच पायावर झाली होती.

कुलपे लावली म्हणजे प्रश्न संपला असे नाही. पाच प्रक्रियांपैकी प्रत्येकीने एक साधन धरून ठेवले आणि शेजारणीच्या साधनाची वाट पाहिली, तर सर्वच कायमच्या अडकतात. हे त्यांनी परीक्षेतील प्रश्नाच्या रूपाने मांडले. आज तो जेवणाऱ्या तत्त्वज्ञांचे कोडे म्हणून शिकवला जातो. कार्यक्रम चालवून पाहिल्याने असे दोष सापडतीलच याची खात्री नसते, म्हणून गणिती सिद्धतेचा त्यांचा आग्रह होता. तो अनेकांना अतिरेकी वाटला, परंतु या विषयात तो रास्त होता.

उत्तरकाल

१९७२ मध्ये त्यांना ट्युरिंग पुरस्कार मिळाला. १९८४ ते १९९९ या काळात ते ऑस्टिन येथे टेक्सास विद्यापीठात प्राध्यापक होते. संगणकशास्त्रात आयुष्य घालवूनही आपली टिपणे ते बहुधा शाईच्या लेखणीने, सुवाच्य अक्षरात लिहीत. अशी १३०० हून अधिक टिपणे उपलब्ध आहेत. वितरित प्रणालींवरील त्यांच्या १९७४ च्या निबंधाला २००२ मध्ये पुरस्कार मिळाला आणि पुढील वर्षी त्या पुरस्कारालाच त्यांचे नाव देण्यात आले.